झेब्रा क्रॉसिंगच्या आधीचा दिवा: लेस्ली होर-बेलीशा कोण होते आणि त्यांचं नाव रस्त्यावर कसं आलं?

मोबाईलवर फॉर्म भरताना किंवा लॉगिन करताना कधीकधी मध्येच एक फोटो येतो. त्याचे नऊ किंवा सोळा चौकोन केलेले असतात आणि ज्या चौकोनांत क्रॉसवॉक दिसतोय ते सगळे निवडा, असं सांगितलेलं असतं. क्रॉसवॉक म्हणजे आपलं झेब्रा क्रॉसिंग. तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखायचे. एक चौकोन चुकला की पुन्हा नवीन फोटो!

आता जरा विचार करा. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे पट्टे स्क्रीनवर जितक्या वेळा बघितलेत, तितक्या वेळा पायाखाली बघितलेत का? आपल्याकडे क्रॉसिंग म्हटलं की आधी रेल्वेचे रूळ आठवतात, कारण गावाचं पूर्व-पश्चिम रुळांनीच ठरतं. आणि रस्ता ओलांडायचा तर पट्टे शोधायच्या ऐवजी आपण हात वर करतो, गाडीवाल्याकडे बघतो आणि चालायला लागतो.

पण पायी चालणाऱ्यासाठी गाडी थांबलीच पाहिजे, ही कल्पना आली कुठून? ती फोटोत, गाण्यांच्या अल्बमवर, मोबाईल गेममध्ये आणि कॅप्चामध्ये कशी जाऊन बसली? यामागे बऱ्याच लोकांचं काम आहे. त्यातलं एक नाव मात्र आजही ब्रिटनच्या रस्त्यांवर खांबाच्या रूपात उभं आहे: लेस्ली होर-बेलीशा. आजच्या लेखात आपण त्यांचीच गोष्ट बघणार आहोत. चला तर मग, सुरुवात करूया.

थोडक्यात ओळख

- जन्माचं नाव: आयझॅक लेस्ली बेलीशा
- जन्म: ७ सप्टेंबर १८९३, लंडन
- काम: पत्रकार, वकील, खासदार, ब्रिटनचे वाहतूक मंत्री आणि नंतर युद्धमंत्री
- कशासाठी प्रसिद्ध: बेलीशा बीकन, गावात ताशी ३० मैलांची मर्यादा, सक्तीची ड्रायव्हिंग टेस्ट
- मृत्यू: १६ फेब्रुवारी १९५७, रीम्स, फ्रान्स

दोन आडनावांचा मुलगा

लेस्ली यांचा जन्म लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडील विमा कंपनीत मॅनेजर होते. लेस्ली एक वर्षाचेही नव्हते तेव्हा वडील वारले आणि आईने एकटीने त्यांना वाढवलं. १९१२ मध्ये आईने अडेअर होर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याशी दुसरं लग्न केलं. आईच्या आग्रहामुळे मुलाने सावत्र वडिलांचं आडनाव आपल्या आडनावाला जोडलं आणि तो होर-बेलीशा झाला. हे जोडनाव पुढे सगळ्या देशाच्या तोंडी बसणार होतं, आणि त्याच नावावरून त्यांना त्रासही होणार होता.

शाळा ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात झाली. काही काळ पॅरिस आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गला शिकले, मग ऑक्सफर्डला गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. ते सैन्यात भरती झाले, फ्रान्स आणि सालोनिका इथे काम केलं आणि मेजर होऊन परत आले. परतल्यावर ऑक्सफर्ड युनियन या तिथल्या प्रसिद्ध वादविवाद मंडळाचे अध्यक्ष झाले. वकिलीचा अभ्यास चालू असताना पोटापाण्यासाठी वर्तमानपत्रांत लिहायचे.

ही पत्रकारिता लक्षात ठेवा. कुठली गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरते, कशाची बातमी होते, हे त्यांना तिथेच कळलं. पुढे रस्त्यावर त्यांनी जे काही केलं त्यात इंजिनिअरिंग होतं तेवढीच प्रसिद्धीची जाणही होती.

१९२३ मध्ये ते प्लिमथच्या डेव्हनपोर्ट मतदारसंघातून लिबरल पक्षाचे खासदार झाले. अकरा वर्षांनी, जून १९३४ मध्ये, त्यांच्याकडे वाहतूक खातं आलं. हे खातं तेव्हा फार मानाचं समजलं जात नव्हतं.

१९३४ मध्ये रस्त्यांवर काय चाललं होतं?

त्या काळच्या ब्रिटनची परिस्थिती ऐकली तर ओळखीची वाटेल. गाड्या झपाट्याने वाढत होत्या. १९३० च्या कायद्याने मोटारींची जुनी ताशी २० मैलांची मर्यादा काढून टाकली होती, त्यामुळे गावातसुद्धा कोणी कितीही वेगाने चालवू शकत होतं. गाडी चालवायला परीक्षा नव्हती. फी भरा, लायसन्स घ्या, स्टिअरिंग धरा. बस्स.

परिणाम काय झाला? १९३४ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली आणि २ लाख ३१ हजारांहून जास्त जखमी झाली. यातले साधारण निम्मे पायी चालणारे होते, आणि तीन चतुर्थांश अपघात वस्तीच्या भागात झाले होते. म्हणजे मरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतून दुकानात, शाळेत किंवा कामावर चाललेला असायचा.

तरी बऱ्याच गाडीवाल्यांचं म्हणणं होतं की चूक चालणाऱ्याचीच आहे, त्याने नीट बघून चालावं. होर-बेलीशा यांनी हा मुद्दा उलटा केला. ज्याच्या हातात जड आणि वेगवान यंत्र आहे, जबाबदारी आधी त्याची, अशी त्यांची भूमिका होती. रस्त्यावरच्या या मृत्यूंना ते अपघात म्हणायला तयार नव्हते. त्यांच्या लेखी हे सामूहिक हत्याकांडच होतं.

मंत्री स्वतः रस्ता ओलांडायला गेले तेव्हा

मंत्री झाल्यावर थोड्याच दिवसांत ते लंडनच्या कॅमडन हाय स्ट्रीटवर एक नवीन क्रॉसिंग बघायला गेले. बरोबर पत्रकारही होते. मंत्री क्रॉसिंगवरून चालू लागले तोच एक स्पोर्ट्स कार न थांबता सुसाट आली आणि ते थोडक्यात वाचले.

दुसरा कोणी असता तर कदाचित बातमी दाबली असती. होर-बेलीशा यांनी मात्र ती गाजू दिली. मंत्री जिथे मरता मरता वाचतो तिथे सामान्य माणसाचं काय होत असेल, हे लोकांना एका दिवसात कळलं. हजार पानांच्या अहवालाने जे झालं नसतं ते एका बातमीने झालं.

बेलीशा बीकन: साधी वस्तू, पण डोक्याने केलेली

तेव्हाच्या क्रॉसिंगची अडचण अगदी साधी होती. ती गाडीवाल्याला दिसायचीच नाहीत. रस्त्यात धातूच्या खिळ्यांसारख्या गोल टिकल्यांच्या दोन ओळी ठोकलेल्या असायच्या. वरून बघितलं तर त्या दिसतील, पण ड्रायव्हरच्या सीटवरून, तेही लांबून, कशा दिसणार? पाऊस पडला, धूळ बसली, पुढे एखादी बस असली की सगळं गायब.

यावर होर-बेलीशा यांच्या खात्याने काढलेला उपाय असा होता:

- खांब: क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना माणसापेक्षा उंच खांब. त्यावर काळे-पांढरे पट्टे.
- गोळा: खांबाच्या टोकावर नारिंगी रंगाचा काचेचा गोळा. लंडनच्या करड्या इमारती आणि ढगाळ हवेत हा रंग उठून दिसतो.
- उंची: समोर दुसरी गाडी असली तरी तिच्या वरून गोळा दिसतो. क्रॉसिंग जमिनीवर असलं तरी त्याची खूण हवेत.
- नियम: पोलीस किंवा सिग्नल नसलेल्या अशा क्रॉसिंगवर पायी माणूस आला की गाडीने त्याला वाट द्यायची.

यात शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. नुसता खांब म्हणजे हार्डवेअर. नियम नसता तर तो रस्त्याच्या कडेचा एक शोभेचा दांडा झाला असता. फोन कितीही भारी असला तरी नेटवर्क नसेल तर जसा उपयोग नाही, तसंच. आणि हे नेटवर्क म्हणजे लोकांनी नियम मानणं. ते कोणी कारखान्यात तयार करून देत नाही.

विशेष म्हणजे सुरुवातीच्या गोळ्यांत दिवा नव्हता. दिवसा रंगावर काम भागायचं. आत लुकलुकणारा दिवा नंतर, १९५० च्या दशकात आला. आता बऱ्याच ठिकाणी एलईडी लावलेले दिसतात.

टिंगल झाली, आणि तीच कामाला आली

१९३४ मध्ये लंडनमध्ये हे खांब उभे राहिले आणि लोकांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली. कोणाला ते लॉलीपॉप वाटले, कोणाला खांबावर ठेवलेलं संत्रं. पोरांना तर आयता नेम मिळाला. दगड आणि छऱ्याच्या बंदुकीने किती गोळे फुटले याला गणतीच नाही. शेवटी काचेऐवजी न फुटणारे गोळे बसवायची वेळ आली.

मंत्र्यांचं नाव या खांबांना चिकटलं ते याच काळात. बेलीशा हे नाव गाण्यांत, नाटकांतल्या विनोदांत आणि मुलांच्या खेळात शिरलं. १९३७ मध्ये तर बेलीशा नावाचा पत्त्यांचा खेळ बाजारात आला. त्यात रम्मीसारखे संच लावायचे आणि पत्त्यांवर रस्त्याच्या खुणा आणि नियम. आजच्या भाषेत सांगायचं तर मंत्री आणि त्यांचा खांब दोघेही मीम झाले होते.

होर-बेलीशा यांनी ही चेष्टा थांबवायचा प्रयत्न केला नाही. फोटो काढू दिले, बातम्या होऊ दिल्या. प्रसिद्धीचे भुकेले म्हणून सहकारी मंत्री त्यांना नावं ठेवायचे, आणि त्यात तथ्यही होतं. पण विचार करा, नवीन नियम लोकांपर्यंत पोहोचवायला तेव्हा टीव्ही नव्हता, व्हॉट्सॲप नव्हतं. ज्या खांबावर सगळा देश हसतोय, तो खांब कशासाठी आहे हे देशातल्या प्रत्येकाला माहीत झालं. आपल्याकडे एखादा नियम शंभर वेळा जाहीर होऊनही कोणाला ठाऊक नसतो. इथे उलटं झालं.

लाल एल आणि ड्रायव्हिंग टेस्ट

खांबांवर ते थांबले नाहीत. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरची मर्यादा लागू झाली. जून १९३५ पासून नवीन ड्रायव्हरला परीक्षा सक्तीची झाली. शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल एल लावायची पद्धतही तेव्हाचीच. हायवे कोड हे रस्त्याच्या नियमांचं छोटं पुस्तक १९३१ मध्ये पहिल्यांदा निघालं होतं, ते त्यांच्या काळात पुन्हा नीट लिहिलं गेलं.

तुम्ही सारथी पोर्टलवरून लर्निंग लायसन्स काढलं असेल तर हे वाचून ओळखीचं वाटेल. एमएच-०५ पाटीच्या स्कुटीवर पुढे-मागे चिकटवलेला लाल एल, पोरांची ड्रायव्हिंग टेस्टची धाकधूक, आणि ऑनलाइन परीक्षेत हमखास येणारा झेब्रा क्रॉसिंगचा प्रश्न. याची मुळं शोधत गेलात तर वाट १९३५ च्या ब्रिटनपर्यंत जाते.

उपयोग झाला का? १९३५ मध्ये मृतांचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास आला. गाड्या वाढत असताना एका वर्षात शेकडो जीव कमी गेले. हे सगळं एकट्या बीकनमुळे झालं असं म्हणता येणार नाही. वेगमर्यादा, परीक्षा, क्रॉसिंग आणि लोकांमधली चर्चा, सगळं एकत्र आलं होतं.

नाव मोठं झालं, तसे शत्रूही

या कामामुळे होर-बेलीशा देशातले सगळ्यात ओळखीचे मंत्री झाले. १९३७ मध्ये पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी त्यांना युद्धमंत्री केलं. तिथेही त्यांनी आधी पायी माणसाकडेच बघितलं, म्हणजे साध्या सैनिकाकडे. बराकी सुधारल्या, जेवण सुधारलं, ड्युटी नसताना साधे कपडे घालायची मुभा दिली. वयस्कर सेनापतींना बाजूला करून तरुणांना वर आणलं. १९३९ मध्ये युद्धाची चिन्हं दिसताच सक्तीची सैन्यभरती आणण्यातही त्यांचा वाटा होता.

पण सैन्यातल्या जुन्या मंडळींना हे रुचलं नाही. वर्तमानपत्रांत झळकणारा, त्यातून ज्यू असलेला मंत्री आपल्याला शिकवतो, हे अनेकांना खुपत होतं. ज्या नावाची गाणी लोकांनी हसत म्हटली होती, त्याच नावावर आता ज्यूद्वेषाने भरलेली कवनं फिरू लागली. होर-बेलीशा यांच्या स्वभावातही दोष होते. ते घाई करायचे, बैठकांना उशिरा पोहोचायचे, सेनापतींशी जुळवून घेणं त्यांना जमलं नाही. फ्रान्समधल्या संरक्षण चौक्यांचं बांधकाम हळू चाललंय यावरून लष्करप्रमुखांशी जोरदार खटका उडाला.

जानेवारी १९४० मध्ये त्यांना युद्धखात्यातून काढलं गेलं. त्यांना माहिती खातं द्यावं असा विचार होता, पण या पदावर ज्यू माणूस नको असा आक्षेप वरच्या वर्तुळातून आला आणि तो विचार मागे पडला. दुसरं खातं देऊ केलं ते त्यांनी नाकारलं. वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांची मोठी कारकीर्द जवळपास संपली.

त्याच काळात रस्त्यांवर एक वाईट योगायोग घडत होता. विमानहल्ल्यांच्या भीतीने सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला. रस्त्यावर मिट्ट काळोख, गाड्यांचे दिवे झाकलेले. रस्त्यांवरचे मृत्यू पुन्हा वाढले. खांब होते, नियम होते, पण दिसतच नसेल तर क्रॉसिंगचा उपयोग काय? दिसणं हा क्रॉसिंगचा प्राण आहे, हे त्या काळोखाने दाखवून दिलं.

मग पट्टे कोणी आणले?

इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. झेब्रा क्रॉसिंग होर-बेलीशा यांनी आणलं नाही. त्यांचे होते ते खांब. पट्टे युद्धानंतर आले.

१९४० च्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं की फार जास्त ठिकाणी क्रॉसिंग केल्यामुळे गाडीवाले त्यांना जुमानेनासे झालेत. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने वेगवेगळ्या खुणा आणि रंगांच्या जोड्या तपासल्या. १९४९ मध्ये सुमारे हजार जागांवर पट्ट्यांचा प्रयोग झाला. काळ्या रस्त्यावर जाड पांढरे पट्टे लांबूनही स्पष्ट दिसतात, असं आढळलं. ३१ ऑक्टोबर १९५१ ला स्लाव गावात पहिलं अधिकृत झेब्रा क्रॉसिंग सुरू झालं. झेब्रा हे नाव जेम्स कॅलहॅन या तेव्हाच्या कनिष्ठ मंत्र्याने सुचवलं असं सांगितलं जातं. ते पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

याच वेळी एक शहाणपणाची गोष्ट केली गेली. क्रॉसिंगची संख्या वाढवण्याऐवजी बरीच कमी केली. कमी ठेवा, पण जिथे आहेत तिथे गाडी थांबलीच पाहिजे. आणि दोन्ही टोकांना बेलीशा बीकन तसेच राहिले. खाली पट्टे, वर नारिंगी गोळा, अशी जोडी जमली.

पट्टे रात्री चमकतात कसे, हाही प्रश्न पडला असेल. चांगल्या रोड पेंटमध्ये काचेचे अगदी बारीक मणी मिसळलेले असतात. हेडलाइटचा उजेड मण्यात शिरतो आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत फिरतो, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे. मणी झिजले की पट्टा दिवसा दिसतो पण रात्री हरवतो. म्हणून पट्टे एकदा मारून भागत नाही, ते परत परत मारावे लागतात.

शेवटची वर्षं

१९४५ च्या निवडणुकीत होर-बेलीशा आपल्याच डेव्हनपोर्टमध्ये हरले. त्यांना हरवणारे मायकेल फूट पुढे मजूर पक्षाचे नेते झाले. १९५४ मध्ये त्यांना लॉर्ड करण्यात आलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्रिटिश खासदारांचं शिष्टमंडळ घेऊन ते फ्रान्सला गेले होते. रीम्सच्या नगरभवनात भाषण करता करताच ते कोसळले आणि काही मिनिटांत त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ६३. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लॉर्ड ही पदवीही त्यांच्याबरोबरच संपली.

लंडनमध्ये स्टॅफर्ड प्लेस इथल्या त्यांच्या घरावर निळी स्मृतिपाटी आहे. पण तिथे मुद्दाम जाणारे किती असतील? खांब मात्र देशभर आहेत. युद्धमंत्री म्हणून केलेलं काम आता इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असतं, तर ज्याला फालतू म्हणून हसले तो गोळा प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतो.

ॲबी रोड: दहा मिनिटांचा फोटो

त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी क्रॉसिंगला जगभर प्रसिद्धी मिळाली. ८ ऑगस्ट १९६९ ला लंडनच्या ॲबी रोडवर, स्टुडिओच्या बाहेर, बीटल्स या बँडचे चौघे झेब्रा क्रॉसिंगवरून एका रांगेत चालले. फोटोग्राफर इयान मॅकमिलन रस्त्याच्या मध्ये शिडीवर उभे होते. पोलिसाने थोडा वेळ गाड्या अडवल्या. साधारण दहा मिनिटांत सहा फोटो निघाले आणि त्यातला एक अल्बमच्या कव्हरवर गेला.

आपल्या भागासाठी यात एक गंमतशीर योगायोग आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची कल्याणजवळची छावणी उल्हासनगर या नावाने शहर झाली, तो दिवस ८ ऑगस्ट १९४९ होता. म्हणजे उल्हासनगर बरोबर वीस वर्षांचं झालं त्याच दिवशी हा फोटो निघाला.

तेव्हापासून रोज पर्यटक तिथे जाऊन तसाच फोटो काढतात आणि वैतागलेले गाडीवाले थांबून राहतात. क्रॉसिंगवर लाइव्ह वेबकॅम आहे, तो तुम्ही फोनवर आत्ता बघू शकता. डिसेंबर २०१० मध्ये या क्रॉसिंगला ऐतिहासिक वास्तूसारखं संरक्षण मिळालं. त्या वेबकॅममध्ये कडेचे काळे-पांढरे खांब आणि वरचे नारिंगी गोळे नीट बघा. तेच बेलीशा बीकन.

दादरपासून बदलापूरपर्यंत

क्रॉसिंग लोकांच्या नजरेत आणायचे प्रयत्न आपल्याकडेही झालेत. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईत दादर-माहीम परिसरातल्या पादचारी सिग्नलवर नेहमीच्या पुरुष आकृतीऐवजी फ्रॉक घातलेली बाईची आकृती बसवली. त्याचे फोटो दोन दिवस सगळीकडे फिरले. अहमदाबादमध्ये आई-मुलीच्या जोडीने रंगवलेले, हवेत तरंगल्यासारखे दिसणारे थ्रीडी पट्टेही तुमच्या व्हॉट्सॲपवर कधीतरी आले असतील. गेमच्या बाबतीत तर १९८१ च्या फ्रॉगरपासून २०१४ च्या क्रॉसी रोडपर्यंत सगळी मजाच रस्ता ओलांडण्यावर आहे. फरक एवढाच की तिथे आउट झालो तर पुन्हा खेळता येतं.

खऱ्या रस्त्यावर तसं नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यात जवळपास दर पाचवा पायी चालणारा होता. नियम आपल्याकडेही आहे. पादचारी क्रॉसिंगजवळ वेग कमी करायचा आणि माणूस ओलांडत असेल तर थांबून त्याला वाट द्यायची, हे ड्रायव्हिंगच्या नियमावलीत स्पष्ट आहे. लर्निंगच्या परीक्षेत आपण सगळे त्याचं बरोबर उत्तर देतो. मग लायसन्स हातात आलं की उल्हासनगरचं १७ सेक्शन असो, अंबरनाथचा फॉरेस्ट नाका असो की बदलापूरचं कात्रप, पट्ट्यावर आजी उभी दिसली तर आपला अंगठा ब्रेककडे जातो की हॉर्नकडे?

होर-बेलीशा यांच्या गोष्टीतून कळतं ते हेच. क्रॉसिंग चालायला तीन गोष्टी लागतात: खूण दिसली पाहिजे, हक्क कायद्यात पाहिजे, आणि तो हक्क सगळ्यांना इतका माहीत पाहिजे की तो मोडणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं वाटावं. पहिल्या दोन गोष्टी सरकार देतं. तिसरी लोकांच्या बोलण्यातून, चेष्टेतून, गाण्यांतून आणि फोटोंतून तयार होते. रील बनवणाऱ्या तुमच्या पिढीच्या हातात ती ९० वर्षांपूर्वीच्या मंत्र्यापेक्षा जास्त आहे.

तुमच्या फोनमध्ये आत्ता काय करता येईल?

- हेड्स अप: काही अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये हा पर्याय असतो. चालताना स्क्रीन बघत असाल तर मान वर करा अशी सूचना येते. तुमच्या फोनमध्ये आहे का ते तपासा.
- इअरबड्स: रस्त्यावर नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवा. ट्रान्सपरन्सी किंवा ॲम्बियंट मोड असेल तर तो लावा, म्हणजे हॉर्न ऐकू येईल.
- बाईकवर: मॅप लावायचा तर निघण्याआधी लावा. क्रॉसिंगच्या दहा मीटर आधी नोटिफिकेशन बघण्याइतकं महत्त्वाचं काही नसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅप्चामध्ये क्रॉसिंगच का विचारतात?
रस्त्यावरच्या वस्तू माणूस चटकन ओळखतो. लोकांनी दिलेली अशी उत्तरं कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवण्यासाठीही वापरली गेली आहेत.

पहिला ट्रॅफिक सिग्नल होर-बेलीशा यांचा का?
नाही. लंडनच्या संसदेबाहेर डिसेंबर १८६८ मध्ये गॅसवर चालणारा सिग्नल लागला होता. त्यामागे रेल्वे इंजिनिअर जे. पी. नाइट होते. महिन्याभरातच गॅसचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला.

क्रॉसिंगला फक्त झेब्राचंच नाव आहे का?
ब्रिटनमध्ये तर अख्खं प्राणिसंग्रहालय आहे. १९६२ मध्ये पांडा आलं, १९६९ मध्ये बटण दाबून सिग्नल बदलायचं पेलिकन आलं, नंतर पफिन आणि टूकन.

रेल्वे रूळ ओलांडणं हेही क्रॉसिंगच ना?
अजिबात नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लोकल जागच्या जागी थांबू शकत नाही, त्यामुळे तिथे हात वर करून उपयोग नाही. पूल चढा.

लेस्ली होर-बेलीशा यांची ही माहिती तुम्हाला कशी वाटली, ते नक्की कळवा. तुमच्या ग्रुपमध्ये नुकतंच लर्निंग लायसन्स काढलेला कोणी असेल तर हा लेख त्याला पाठवा. आणि तुमच्या जवळच्या नाक्यावर झेब्रा क्रॉसिंग असेल तर उद्या एकदा त्याच्या आधी गाडी थांबवून बघा, मागचा हॉर्न वाजवेल तरीही.